चाकांवरच्या संसाराचा जमाखर्च

आपल्या टीकाकारांनी गद्य वाङ्मयाचे जे नाना प्रकार मानले आहेत, त्यांत जमाखर्चाच्या वहीला कोठेच स्थान नाही. आणि ते साहजिकच आहे. घरभाडे, किराणा, दूध आणि धोबी यांच्या आकड्यांत रसोत्पत्तीला वाव तो कितीसा असणार? तथापि अमेरिकन वाङ्मयात एक लहानशी परंपरा अशी आहे की, तिचा पायाच मुळी कीर्द-खतावणीवर उभा आहे. ‘माणसाला जगावयास वस्तुतः किती लागते?’ हा प्रश्न विचारून स्वतःच्या खर्चाचे आकडे पैशापर्यंत वाचकांपुढे मांडणारे हे ग्रंथ आहेत. अलीकडे तिकडे घर सोडून मोटारीत बिऱ्हाड थाटणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढल्यामुळे या परंपरेला नवे पान फुटले असून, ‘मोटारीत बारमास राहावयाचे तर महिना काय खर्च येतो?’ हा तेथे मोठ्या उत्सुकतेचा विषय झाला आहे. अशा ग्रंथांची पारख कशी करावी, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात इतकेच की, या ग्रंथांतील शेवटची बेरीज पाहून भुलू नये. जी कलमे वहीत चढलीच नाहीत, ती कोणाच्या नावे पडली, हे शोधावे. ग्रंथाचा खरेपणा त्यावरून ठरतो.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणजे हेन्री डेव्हिड थोरो. ४ जुलै १८४५ रोजी तो वॉल्डन तळ्याकाठच्या झोपडीत राहावयास गेला आणि दोन वर्षे, दोन महिने व दोन दिवस तेथे राहिला. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘वॉल्डन’ या ग्रंथाचे पहिले आणि सर्वांत मोठे प्रकरण अर्थव्यवहारावर आहे. दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब अशा त्या झोपडीला २८ डॉलर साडेबारा सेंट खर्च आला, आणि आठ महिन्यांच्या अन्नाला ८ डॉलर ७४ सेंट लागले, असा त्याने हिशेब दिला आहे. हार्वर्डच्या विद्यार्थ्याला याहून किंचितच मोठ्या खोलीचे वर्षाचे भाडे ३० डॉलर पडते, हेही तो मुद्दाम नमूद करतो. त्याच प्रकरणात एक उल्लेख असा आहे की, आजच्या मोटारवासीयांनी त्याला आपले आद्यवचन म्हणावे. रेल्वेच्या कडेला मजूर रात्री आपली हत्यारे ठेवीत ती सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद पेटी पाहून थोरोच्या मनात येते की, अडल्या माणसाने अशी पेटी डॉलरभरात घ्यावी, हवेसाठी चार भोके पाडावी आणि रात्री खुशाल आत निजावे. डोक्यावर घरमालकाचा तगादा तरी नाही! त्याचे हे बोलणे अर्धे विनोदाचे आणि अर्धे गंभीर आहे. त्या पेटीला चाके लावली की आजचा विषय सिद्ध झाला.

परंतु थोरोची वही आपण जरा बारकाईने पाहू. झोपडीखालची जमीन त्याचा मित्र इमर्सन याच्या मालकीची होती. तिचे भाडे खर्चात नाही. कपडे धुणे आणि शिवणे-टिपणे बहुतेक बाहेरच होई, आणि त्याची बिले अजून हाती आलेली नाहीत, असे थोरो स्वतःच नोंदवितो. हे वाक्य मला त्या प्रकरणातील सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत बोलके वाटते. दुसऱ्याच्या हाताने धुतलेल्या सदऱ्याची किंमत विरक्ताच्या वहीत शून्य दिसते. पण ते काम कोणीतरी केलेले असते. असे असूनही ‘वॉल्डन’चे मोल कमी होत नाही, कारण लेखकाने फट झाकलेली नाही. त्याचे अनुकरण करणाऱ्यांकडून आपण निदान एवढ्या प्रामाणिकपणाची तरी अपेक्षा ठेवावी.

केन इल्गूनस याचा २०१३ साली निघालेला ‘वॉल्डन ऑन व्हील्स’ हा ग्रंथ नावापासूनच थोरोचे ऋण मान्य करतो. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या या तरुणाच्या डोक्यावर ३२,००० डॉलरांचे शैक्षणिक कर्ज होते. अलास्कासारख्या दूरच्या मुलुखात कष्टाची कामे करून त्याने ते फेडले. आणि पुढे ड्यूक विद्यापीठात शिकावयास जाताना पुन्हा कर्ज काढावयाचे नाही या निश्चयाने त्याने १,५०० डॉलरांना १९९४ सालची एक जुनी फोर्ड व्हॅन विकत घेतली व तिच्यातच गुपचूप संसार मांडला. ग्रंथ तरतरीत आहे, विनोदी आहे, आणि कर्जाच्या जोखडाविषयीचा त्याचा संताप खरा आहे. विद्यार्थ्याच्या खोलीच्या भाड्यावरून थोरोने मारलेला टोमणा दीडशेहून अधिक वर्षांनी एका विद्यार्थ्याने इतका मनावर घ्यावा, यात गंमतही आहे. पण येथेही स्नान विद्यापीठाच्या व्यायामशाळेत, वीज आणि ऊब ग्रंथालयात, आणि गाडी उभी राहावयाची तीही विद्यापीठाच्याच आवारात. ही व्हॅन विद्यापीठाच्या प्रशस्त वाड्यातील निजण्याची खोली होती, असे म्हटले तर वावगे होणार नाही. बाकीचा वाडा फीच्या रकमेत आला. विद्यार्थ्याने ही युक्ती करावी हे शहाणपणाचे. परंतु तिच्यावरून ‘माणसाला एवढेच पुरते’ असा सिद्धांत कोणी काढू लागल्यास तो मात्र टिकणारा नाही.

घर म्हणजे नुसते छप्पर नव्हे. घर पाच-पंचवीस कामे मुकाट्याने करीत असते, आणि मोटारीत राहावयास गेल्यावर त्यांतील प्रत्येक काम स्वतंत्रपणे विकत घ्यावे लागते. अंघोळीसाठी व्यायामशाळेची वर्गणी. कपड्यांसाठी नाणी टाकून चालणारी धुण्याची यंत्रे. स्वयंपाकासाठी गॅसची टाकी. पत्रे घेऊन पुढे पाठविणाऱ्याचे शुल्क. सरकारदरबारी पत्ता पाहिजे, म्हणून पुष्कळ फिरस्ते साउथ डकोटाचे रहिवासी होतात. तेथे परवान्यासाठी आजवर एका रात्रीच्या मुक्कामाची पावती पुरत आली आहे, आणि राज्याचा प्राप्तीकरही नाही. मग विमा आणि पेट्रोल. गॅलनला १५ मैल जाणारी जुनी गाडी महिन्यात १,००० मैल फिरली तर सुमारे ६७ गॅलन पेट्रोल जाळील. गॅलनचा भाव साडेतीन डॉलर धरला तर हे एकच कलम २३० डॉलरांवर जाते. उलटपक्षी, ॲरिझोनातील क्वार्टझाइट गावालगतच्या सरकारी वाळवंटात हिवाळ्याच्या सात महिन्यांच्या मुक्कामाचे शुल्क वर्षानुवर्षे १८० डॉलर, म्हणजे महिन्याला २६ डॉलरांहूनही कमी राहिले आहे. यातून एक विलक्षण निष्कर्ष निघतो: चाकांवरच्या संसारात सर्वांत स्वस्त महिना तोच, ज्यात चाक फिरत नाही!

दंड हेही एक कलम आहे, आणि ते कोणत्याच अंदाजपत्रकात आगाऊ मांडता येत नाही. मोटारीत राहण्यास बंदी करणारा लॉस एंजेलिस शहराचा नियम तेथील संघीय अपील न्यायालयाने २०१४ साली संदिग्धतेच्या कारणावरून रद्दबातल ठरविला. परंतु २०२४ साली ग्रँट्स पास गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, उघड्या सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्यांना दंड करणे ही घटनेने निषिद्ध मानलेली क्रूर शिक्षा होत नाही, असा निकाल दिला. गृहस्थाची मोटार पोलिसांनी ओढून नेली तर त्याची गैरसोय होते; मोटारवासीयाची नेली तर त्याचे घरच जाते.

हा सर्व विषय खऱ्या गांभीर्याने हाताळणारा ग्रंथ म्हणजे जेसिका ब्रूडर यांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला ‘नोमॅडलँड’. इल्गूनसचा नायक तरुण आहे. ब्रूडर यांची माणसे साठीच्या पुढची आहेत. २००८ च्या मंदीत कोणाचे घर गेले, कोणाची पुंजी गेली. आणि जन्मभर राबून हाती आलेले निवृत्तिवेतन घरभाड्यालाही पुरेना. ग्रंथाची नायिका लिंडा मे हिला महिन्याला मिळावयाची रक्कम ५०० डॉलरांच्या आसपास. संघीय कायद्याने ठरविलेली किमान मजुरी २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. काही राज्यांत ती अधिक असली तरी या दराने आठवड्याला ४० तास राबणाऱ्याच्या हाती महिन्याला सुमारे १,२५७ डॉलर येतात. उत्पन्नाचा तीस टक्के भाग घरावर खर्चावा हा तिकडचा रूढ दंडक लावला तर भाड्याला ३७७ डॉलर उरतात. आणि एवढ्यात एका खोलीचे घर मिळणे देशातील फार थोड्या जागी शक्य आहे. अशा स्थितीत जो खर्च तोडता येतो तो एकच, म्हणून घर तोडले गेले. येथे मोटार ही हौस राहत नाही.

पण खर्च तोडला तरी जमेची बाजू भरावीच लागते. ब्रूडर यांची माणसे उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या अरण्यांत तंबूतळांची देखरेख करतात, शरद ऋतूत उत्तरेकडे बीट उपटण्याच्या हंगामाला जातात, आणि नाताळपूर्वी ॲमेझॉनच्या वखारींत रात्रपाळी करतात. वखारीच्या सिमेंटच्या जमिनीवर दिवसाकाठी कित्येक मैल चालावे लागते. आणि अंगदुखीच्या गोळ्या फुकट देणाऱ्या पेट्या तेथे भिंतीवर लावलेल्या असत, ही बारीक नोंद ब्रूडर यांनी केली आहे. थोरोने म्हटले होते की, वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी द्यावे लागणारे आयुष्य. हे माप लिंडा मेच्या वहीला लावले की स्वस्ताईचा भ्रम फिटतो. सामानाच्या नोंदी घेणारे यंत्र हाताळून तिचे मनगट दुखावले. हे कलम डॉलरांत मांडावयाचे कसे? मजूर स्वतःचे छप्पर स्वतःच्याच पेट्रोलने कारखान्याच्या दारापर्यंत आणतो आणि हंगाम संपताच घेऊन जातो, याहून मालकाच्या सोयीची व्यवस्था ती कोणती!

ब्रूडर यांनी स्वतः एक जुनी व्हॅन घेऊन या लोकांत दिवस काढले, त्यांच्याबरोबर काम केले. आणि आपण परत जाऊ शकतो, ते शकत नाहीत, हा भेद त्यांनी लपविला नाही. तरी एका कलमाला त्यांनी पुरेशी जागा दिलेली नाही असे मला वाटते. हे फिरस्ते जवळजवळ सारे गोरे आहेत, हे त्या सांगतात. रात्री अनोळखी रस्त्यावर गाडी लावून संशयाविना निजता येणे हीच एक मिळकत आहे, आणि ती सर्वांना सारखी लाभत नाही, हेही त्या सुचवितात. पण थोडक्यात आटोपतात. ज्याच्या वहीत ती मिळकत नाही, त्याला हा स्वस्त संसार परवडतच नाही. या मुद्द्याला एक स्वतंत्र प्रकरण शोभले असते.

या ग्रंथावरून क्लोई झाओ यांनी केलेल्या चित्रपटाला २०२० साली व्हेनिसचा सुवर्णसिंह आणि २०२१ साली ऑस्करचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. चित्रपट सुंदर आहे. फ्रान्सेस मॅकडॉर्मंड यांनी रंगविलेली फर्न विसरता येत नाही. आणि व्हॅन मोडल्यावर दुरुस्तीसाठी बहिणीपुढे हात पसरण्याचा प्रसंग तर जमाखर्चाच्या सर्व कोष्टकांहून अधिक सांगतो. एका दुरुस्तीचा खर्च दोन हजार डॉलरांच्या वर जातो, आणि वर्षभराची काटकसर एका दिवसात धुऊन निघते. परंतु हाच प्रसंग चित्रपटाचे वैगुण्यही दाखवितो. फर्नला बहिणीचे घर खुले आहे, एका मित्राचेही घर खुले आहे. ती ते आपखुशीने नाकारते. ग्रंथात जे हिशेबाने घडले ते चित्रपटात स्वभावाने घडते. ब्रूडर यांनी ज्या प्रश्नाचे उत्तर समाजाकडे मागितले, तो प्रश्न झाओ यांनी एका विधवेच्या अंतःकरणात नेऊन ठेविला. कलेला त्याने खोली आली असेल. पण कर्ज ज्याच्या नावे होते त्याची त्यातून सुटका झाली.

आपल्याकडील वाचकाने येथे विशेष सावध राहावे. गीतेने भक्ताला ‘अनिकेत’ म्हटले आहे, आणि घर सोडून निघालेल्या माणसापुढे नकळत हात जोडण्याची आपल्या मनाला जन्माची सवय आहे. पण ज्याने घर टाकले आणि ज्याचे घर सुटले, त्या दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. पहिल्याच्या वहीत बाकी उरलेली असते, ती तो दान करतो. दुसऱ्याच्या वहीत बाकीच नसते. दारिद्र्याला वैराग्य म्हणून गौरविणे यात आपले काहीच खर्च होत नाही, आणि म्हणूनच तो गौरव संशयास्पद आहे. मराठीत ‘बिऱ्हाड’ हा शब्द फार समर्पक आहे. भिंती मालकाच्या असोत, बिऱ्हाड आपले असते. विंचू ते पाठीवर घेऊन फिरतो म्हणतात. हे फिरस्ते बेघर असले तरी बिऱ्हाड त्यांनी मोडलेले नाही. चुलीपासून कुत्र्यापर्यंत सारे त्या चार चाकांवर त्यांनी जिवापाड सांभाळले आहे. त्यांचे कौतुक करावयाचे तर या सांभाळण्याचे करावे. त्यांच्यावर आलेल्या पाळीचे नव्हे.

‘नोमॅडलँड’च्या शेवटी लिंडा मे काटकसर कशासाठी करते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ॲरिझोनाच्या सीमेवरील डग्लस गावाजवळ तिने पाच एकर ओसाड जमीन घेतली. जुने टायर आणि माती यांचे घर तेथे स्वतःच्या हातांनी उभारावे, हे तिचे स्वप्न. महिन्याकाठी वाचविलेली सारी नाणी एका घराच्या दिशेने निघालेली आहेत.