चित्राचे सोंग घेणारा संच

घरात वापरावयाच्या वस्तूंची चिकित्सा हा कला-साहित्याला वाहिलेल्या नियतकालिकाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. आमच्या मते ती रास्त नाही. समई, पाट, झोपाळा, अडकित्ता यांच्याविषयी आपण कौतुकाने लिहितो. कारण या वस्तूंच्या घडणीत आपल्या राहणीचा विचार उतरलेला असतो. मग ज्या वस्तूपुढे आजचे कुटुंब रोजची संध्याकाळ घालविते आणि जिच्या सोयीने दिवाणखान्यातील खुर्च्यांची तोंडे वळतात, तिच्या घडणीविषयीच मौन का पाळावे? पुस्तकाला किंवा नाटकाला आपण जी कसोटी लावतो, म्हणजे हेतू कोणता, साधन कोणते आणि त्या दोहोंचे कितपत जमले, तीच दूरचित्रवाणी-संचाला लावून पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

परीक्षणासाठी आम्ही निवडलेला संच म्हणजे दक्षिण कोरियाच्या सॅमसंग कंपनीचा ‘द फ्रेम’. तो २०१७ साली बाजारात आला आणि २०१९ साली भारतात विक्रीस आला. त्याची आकृती ईव्ह बेहार या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या व अमेरिकेत कार्य करणाऱ्या संकल्पकाची. साध्या संचाहून त्याची किंमत बरीच अधिक असते. तथापि किंमत हे आमच्या निवडीचे कारण नव्हे. इतर भारी संच ‘माझा पडदा पाहा, माझे रंग पाहा’ असे सांगतात; हा संच सांगतो की, तुमचे पाहणे संपले म्हणजे मी संच राहणार नाही, भिंतीवरचे चित्र होईन. असे वचन देणाऱ्या वस्तूची उलटतपासणी करणे हे आमच्यासारख्या वकिली पेशातील माणसास ओघानेच प्राप्त होते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, बेहार यांनी हाती घेतलेला प्रश्न खरा आहे. चालू असलेला संच ही खिडकी असते. बंद असलेला संच हे भिंतीला पडलेले काळे भगदाड असते. हे भगदाड झाकण्याची खटपट नवी नाही. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्यानंतरच्या काळात आपल्याकडे आलेले कित्येक संच लाकडी पेटीत बसविलेले असत, त्यांना सरकती दारे असत आणि वर विणकामाचा रुमाल पडे. ते दार सरकले की कार्यक्रम संपला, हे घरातील तान्ह्या मुलापासून आजीपर्यंत सर्वांस कळे. इटलीतील ब्रिओनवेगा कंपनीसाठी मार्को झानुसो व रिचर्ड सॅपर यांनी १९६९ साली केलेला ‘ब्लॅक एसटी २०१’ हा संच म्हणजे एक गुळगुळीत काळा ठोकळा होता; वीज बंद झाली की पडदा कोठे आहे हेही दिसू नये, अशी त्याची रचना. आणि २०१५ साली सॅमसंगसाठीच रोनान व एर्वान बुरुलेक या फ्रेंच बंधूंनी ‘सेरिफ’ नावाचा संच केला. इंग्रजी ‘आय’ या अक्षरासारखा त्याचा छेद, चार पायांवर उभा राहणारा, पाठीमागूनही पाहण्याजोगा. लाकडी पेटीने लपविले, काळ्या ठोकळ्याने मौन पाळले, सेरिफने ‘मी घरातील एक आसबाब आहे’ असे उघड सांगितले. ‘द फ्रेम’ने चौथा मार्ग धरला. तो सोंग घेतो.

सोंग घेणे हा दोष नव्हे. दशावतारातील शंकासुराचे सोंग आपण आनंदाने पाहतोच. प्रश्न एवढाच की, सोंग वठले काय?

साधनांच्या बाजूने पाहता ते पुष्कळच वठले आहे. संचाच्या पाठीमागे लोंबणाऱ्या तारांचे जंजाळ हा भल्या भल्या संकल्पकांचा हात टेकविणारा विषय. येथे सर्व जोडण्या एका स्वतंत्र पेटीत नेल्या आहेत, आणि त्या पेटीतून संचाकडे वीज व चित्र नेणारी एकच बारीक, जवळजवळ न दिसणारी तार येते. (२०२५ साली आलेल्या ‘फ्रेम प्रो’ या भावंडात तर चित्र व आवाज बिनतारी पाठविण्याची सोय केली आहे.) संच भिंतीस चिकटून बसतो. भोवतालच्या चौकटी लोहचुंबकाने बसतात व निघतात. खोलीतील उजेड मोजून पडद्याचे तेज कमी-अधिक करणारी योजना आहे. खोलीत कोणी नसले तर चित्र मावळते व चाहूल लागताच पुन्हा उमटते. २०२२ सालापासून पडद्याला चकाकी न येणारा लेप दिला जातो, आणि खऱ्या अर्थाने सोंग वठले ते या लेपामुळे. कारण समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब ज्यात दिसते त्याला चित्र म्हणणार कोण? दिवसा उजेडी दहा पावलांवरून पाहणारा पाहुणा फसतो. एवढे यश थोडे नव्हे.

परंतु नऊ पावलांवरून आक्षेपांस प्रारंभ होतो.

पहिला आक्षेप आकाराचा. दूरचित्रवाणीचा पडदा १६:९ या प्रमाणात आडवा असतो. जगातील चित्रकारांनी आपली चित्रे काढताना हे प्रमाण विचारात घेण्याचे काही कारण नव्हते. ‘मोनालिसा’ उभी आहे. आपल्या घराघरांत लागलेली रविवर्म्याची लक्ष्मी आणि सरस्वती उभ्या आकाराच्या आहेत. तेव्हा अशा चित्रांभोवती संचाला रंगीत पुठ्ठ्याचा भास निर्माण करून रिकामी जागा भरून काढावी लागते, नाही तर चित्राचे डोके-पाय छाटावे लागतात. पहिला उपाय सभ्य आहे, दुसरा अपराध आहे. पडदा उभा फिरविणारी टेकणही वेगळी विकत मिळते. परंतु चित्रासाठी भिंत वळवावी, की भिंतीसाठी चित्र, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

दुसरा आक्षेप भिंतीचा, आणि तो आमच्याकडील वाचकांस विशेष लागू पडेल. भिंतीस सपाट चिकटणारी वस्तू सपाट भिंतीची अपेक्षा करते. गोव्यातील जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती, त्यांवर चढत गेलेले गिलाव्याचे थर, हे सारे हाताने घडलेले आहे. त्यांत पोटे आहेत, खळगे आहेत. खिळ्याला सुतळीने टांगलेली तसबीर किंचित पुढे झुकते आणि भिंतीचा दोष पोटात घालते. हा संच मात्र भिंतीचा प्रत्येक दोष चव्हाट्यावर मांडील. शिवाय तारांची पेटी नाहीशी झालेली नाही, तिचे केवळ स्थलांतर झालेले आहे. तिला कोठे तरी कपाट हवे, आणि त्या कपाटापासून भिंतीत खाच हवी. नव्या सदनिकेत बांधकामाच्या वेळीच हे जमते. वाडवडिलांच्या घरात जमवावयाचे तर छिन्नी हाती घ्यावी लागेल.

तिसरा आक्षेप पाहण्याचा. अंग इतके पातळ ठेवावयाचे म्हणजे पडद्यामागे प्रकाश सर्वत्र पसरविण्यास जागा उरत नाही. तो कडेने द्यावा लागतो. परिणामी अंधाऱ्या दृश्यातील काळा रंग काजळासारखा न राहता राखेकडे झुकतो. तेवढ्याच पैशांत याहून सरस चित्र देणारे संच मिळतात. म्हणजे ग्राहक जे अधिकचे पैसे देतो ते संच चालू असतानाच्या गुणांसाठी नसून बंद असतानाच्या रूपासाठी देतो. यात फसवणूक नाही, कारण संच ते लपवीत नाही. पण घेणाऱ्याने ते जाणून घ्यावे.

आता ज्या आक्षेपासाठी आम्ही मुख्यतः लेखणी उचलली तिकडे वळू. या संचात ‘बंद’ या शब्दाचा अर्थ बदललेला आहे. रिमोटवरील वीज-बटण नेहमीप्रमाणे एकदा दाबले तर संच बंद होत नाही, तो चित्र दाखवू लागतो. खरोखर बंद करावयाचे असेल तर तेच बटण दाबून धरून ठेवावे लागते. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर, रूढ अर्थाच्या शब्दाला बनविणाऱ्याने आपल्या सोयीची व्याख्या चिकटविली आहे, आणि ती व्याख्या बटणावर कोठेही लिहिलेली नाही. चित्र मंद असले तरी वीज खातेच. पण विजेच्या बिलापेक्षा मोठी गोष्ट अशी की, घरातील वृद्ध माणसास आपण केलेली कृती पुरी झाली की नाही याची शाश्वती उरत नाही. लाकडी दार सरकविणाऱ्या आजीला ती होती.

रिमोटविषयीही हेच. तो हातात सुरेख बसतो. २०२१ सालापासून या कंपनीच्या वरच्या श्रेणीतील रिमोटांच्या पाठीवर सूर्यकिरणांवर किंवा दिव्याच्या उजेडावर भारित होणारी पट्टी असते, आणि सेल फेकण्याची पाळी येत नाही, ही स्तुत्य गोष्ट. परंतु त्यावर आकडे नाहीत. आकडे हवे असतील तर एक बटण दाबून ते पडद्यावर बोलवावे लागतात आणि बाणांनी एकेक गाठावा लागतो. सात वाजताच्या बातम्यांच्या वाहिनीचा क्रमांक ज्याला तोंडपाठ आहे, अशा मनुष्याचे पाठांतर येथे निकामी ठरते. उलट चित्रपट विकणाऱ्या परदेशी कंपन्यांना मात्र स्वतंत्र बटणे मिळाली आहेत. जागा नव्हती म्हणून आकडे गेले असे म्हणावे, तर ही बटणे कशी मावली? बटणांची संख्या कमी करणे म्हणजे साधेपणा, ही आजच्या संकल्पकांची समजूत आम्हांस मान्य नाही. वापरणाऱ्याच्या पावलांची संख्या कमी होणे म्हणजे साधेपणा.

मग भिंतीवर लागणाऱ्या चित्रांची मालकी कोणाची? स्वतःची छायाचित्रे संचावर चढविता येतात व त्यासाठी काही द्यावे लागत नाही. आजोबांची तसबीर तेथे झळकू शकते. परंतु माद्रिदचे प्रादो, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन अशा संग्रहालयांतील चित्रांचा भरणा असलेले भांडार मासिक वर्गणीवर चालते. वर्गणी थांबली की चित्र जाते. ही मालकी नव्हे, भाडेपट्टाही नव्हे. हा केवळ परवाना. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तेव्हा वडोदऱ्याच्या राजवाड्यात शोभणाऱ्या कलेचे दार सामान्य माणसाच्या ओसरीवर उघडले, आणि विकत घेतलेली ती तसबीर नातवंडांपर्यंत टिकली. चौकट चार पिढ्या पाहते. ज्या चौकटीचे आयुष्य तिच्या पोटातील यंत्राच्या आयुष्याएवढेच आहे तिला ‘चौकट’ हे नाव शोभत नाही, असे आम्हांस नम्रपणे सुचवावेसे वाटते.

अखेरचा मुद्दा केवळ या संचाचा नाही, सर्वच ‘स्मार्ट’ म्हणविणाऱ्या संचांचा आहे. चित्राकडे आपण पाहतो. चित्र आपल्याकडे पाहत नाही. हे संच पाहू शकतात. पडद्यावर काय चालले आहे त्याचे ठिपके टिपून, ते साठ्याशी ताडून, घरात कोणता कार्यक्रम पाहिला जात आहे हे ओळखणारी योजना अनेक कंपन्यांच्या संचांत असते; सॅमसंगच्या संचांत ती ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ या नावाने येते आणि तिला नकार देता येतो. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीवर, १ कोटी १० लाख संचांतून अशी माहिती ग्राहकांच्या संमतीवाचून गोळा केल्याचा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०१७ साली २२ लाख डॉलरांवर ते प्रकरण मिटले. आपल्या देशातील २०२३ च्या वैयक्तिक विदा-संरक्षण कायद्याने संमतीची कसोटी घालून दिली आहे : ती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी; ती मागे घेणेही देण्याइतकेच सुलभ असावे; आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय मिळावा. या कायद्याचे नियम २०२५ साली प्रसिद्ध झाले असून संमतीविषयीच्या तरतुदी लागू होण्यास त्यांत मुदत ठेवलेली आहे. मराठी त्या परिशिष्टात आरंभापासून आहे, कोकणी १९९२ पासून. या नियतकालिकाच्या दोन्ही भाषांना हा अधिकार मिळालेला आहे. तो मागणारे मात्र आपणच असले पाहिजे. पेटी उघडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत, मुले घाई करीत असताना, रिमोटच्या बाणाने ‘मान्य’ ‘मान्य’ असे दाबीत जाणे, यास संमती म्हणावयास आम्ही तयार नाही.

तर निर्णय काय? प्रकाशाला दबणारा, तारांचे जंजाळ आवरणारा, चकाकी सोडून सौम्य झालेला हा पडदा म्हणजे आजच्या यंत्रसंकल्पनेतील एक मनोहर कृती होय, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. जिच्या घरात नवी सपाट भिंत, तरुण डोळे आणि वर्गणीची तयारी आहे, अशा गृहिणीने तो खुशाल घ्यावा. परंतु विक्रेत्यास तीन प्रश्न विचारल्यावाचून घेऊ नये : खरोखर बंद कसा करावयाचा ते माझ्या सासूबाईंना दाखवा, संमतीचा मजकूर माझ्या भाषेत दाखवा, आणि माझी पाहणी न नोंदविण्याचे कळ कोठे आहे ते दाखवा. वस्तूचे रूप कितीही बदलले तरी घरातील वस्तूने घरच्या माणसांची आज्ञा पाळावी, हा जुना नियम बदलण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही.