न पाडलेलं भोक

# कॉन्फिग_नेट इज नॉट सेट

ही ओळ पहिल्यांदा डोळ्यांसमोर आली तेव्हा मी ती वाचलीच नाही. शेल असो, पायथन असो की मेकफाइल, ओळ हॅशने सुरू झाली की ती माणसासाठी लिहिलेली टीप आणि यंत्राने तिला वळसा घालून पुढे जायचं, हा आमच्या धंद्यातला पहिल्या आठवड्याचा धडा. यू-बूटच्या कॉन्फिगरेशनच्या फाइलीत मात्र ही टीप नव्हे. यंत्र ती अक्षर न अक्षर वाचतं आणि अर्थ लावतं: या बोर्डाला नेटवर्क नको. टिपेच्या वेशात आलेला हुकूमच तो. एवढ्या एका ओळीवर लेख लिहावा असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

यू-बूट म्हणजे बूटलोडर. बोर्डाला वीज मिळाली की लिनक्सच्या आधी उठतो, मेमरी चालू करतो, फ्लॅशमधून लिनक्स उचलून आणतो, त्याच्या हाती कारभार देतो आणि स्वतः नाहीसा होतो. वोल्फगांग डेंक यांच्या पीपीसीबूटमधून तो वाढला आणि 2002 पासून यू-बूट या नावाने ओळखला जातो. लग्नघरात मांडव घालणारी माणसं वरात येण्याआधी निघून जातात, तसं त्याचं आयुष्य. त्यामुळे त्याला विचारायचे ते सगळे प्रश्न आधीच, म्हणजे बिल्डच्या वेळीच विचारून घ्यावे लागतात. कुठली चिप, किती मेमरी, सिरियल पोर्ट कुठला, नेटवर्क हवं की नको. वीज आल्यावर विचारणार कुणाला? आणि जागाही नसते. बीगलबोनवरच्या एएम335एक्स चिपमध्ये सुरुवातीचा जो तुकडा चिपच्या आतल्या मेमरीत उतरतो त्याला 109 किलोबाइट मिळतात. मोबाइलवरचा एक बरा फोटो त्यात मावत नाही. म्हणून यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे 'हवं' किंवा 'नको' लिहावंच लागतं. मला या लिखाणात रस आहे तो त्यातल्या 'नको'मुळे.

सोलापुरात वाढलेल्या माणसाला ही गंमत लवकर कळायला हवी होती. आमच्या घरामागे, साखर पेठेत, पत्र्याच्या माळ्यावर एक अन्ना जॅकार्डची कार्डं पंच करायचे. खाली मागांचा खडखडाट, वर माळ्यावर अन्ना, समोर चौकटीच्या कागदावर रंगवलेली नक्षी, आणि हाताखाली जाड पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या. कागदावरची एक ओळ वाचायची, तिच्याबरहुकूम पट्टीला भोकं पाडायची, पट्टी बाजूला ठेवायची. अशा शेकडो पट्ट्या दोरीने एकमेकींना ओवल्या की त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढायची. लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्डने 1804 मध्ये जे यंत्र दाखवलं, त्याचंच वाण आमच्या पूर्व भागातल्या पत्र्याखाली दोनशे वर्षांनी खडखडत होतं.

माग एकेक पट्टी सुयांच्या रांगेवर दाबतो. भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा हूक जागेवर राहतो, वर उचलणाऱ्या दांडीत अडकतो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथे पुठ्ठा सुईला मागे रेटतो, हूक निसटतो, धागा खालीच राहतो. शाळकरी वयात मला वाटायचं, नक्षी काय ती भोकांत असते. उरलेला पुठ्ठा म्हणजे नुसता पुठ्ठा. पण खरं काम पुठ्ठाही करतो. तो सुईला ढकलतो. भोक नुसतं वाट देतं.

एकदा अन्ना कागदाचा कपटा खळीत बुडवून एका भोकावर चिकटवत होते. मी टक लावून उभा.

"काय बघालास?"

"भोक बुजवायलाव काय अन्ना?"

"हितं नको होतं," ते म्हणाले आणि कपट्यावर अंगठा दाबून धरला.

पुढे यू-बूटच्या फाइलीत 'इज नॉट सेट' वाचताना मला तो अंगठा दिसायला लागला. तेव्हापासून मनातल्या मनात मी त्या ओळीचा उच्चार तसाच करतो. हितं नको.

आता मूळ संहितेकडे. 'इज नॉट सेट' ही ओळ ज्या भाषेतली, तिचं नाव केकॉन्फिग. रोमन झिपेल यांनी ती लिनक्सच्या कर्नलसाठी लिहिली आणि 2002 साली ती कर्नलमध्ये आली. तिच्याआधी एरिक रेमंड यांनी याच कामासाठी एक फार हुशार भाषा करून दाखवली होती, ती कर्नलवाल्यांनी घेतली नाही. केकॉन्फिगचा बेताचा साधेपणा टिकला. यू-बूटमध्ये ती यायला 2014 उजाडलं, मासाहिरो यामादा यांनी ती तिथे आणली. तोवर प्रत्येक बोर्डाची एक सी हेडर फाइल असायची आणि तीत 'डिफाइन'च्या ओळींची रांग. तिथे 'नको' लिहायची सक्ती नव्हती. जे नको ते बहुधा लिहायचंच नाही, झालं. मुद्दाम नको म्हटलं, विसरून राहिलं की असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं, हे फाइल वाचून कळायला मार्ग नव्हता. हेडरमधल्या हजारो नोंदी नव्या भाषेत आणायला पुढची आठेक वर्षं गेली. 2022 च्या अखेरीस जे उरलं त्याचं नाव 'कॉन्फिग_' वरून 'सीएफजी_' करून ते वेगळं काढलं गेलं. एखादी पोथी सुट्या पानांवरून वहीत उतरवून घ्यावी, तसलं हे चिकाटीचं काम, आणि त्याबद्दल कुणी फार बोलत नाही.

केकॉन्फिगमधली माझी आवडती नोंद म्हणजे 'बूटडिले'. वीज आल्यावर लिनक्सला हाक मारण्याआधी किती सेकंद थांबायचं, एवढाच प्रश्न. नोंदीची पहिली ओळ नाव सांगते, दुसरी प्रकार सांगते, 'इंट', म्हणजे पूर्णांक, आणि त्याच ओळीत प्रश्नाचा मजकूर. तिसरी: 'डिफॉल्ट 2'. कुणी काही बोललं नाही तर दोन सेकंद. त्याखाली 'हेल्प', आणि खरी मजा तिथे आहे. 2 लिहा, दोन सेकंद थांबेल, तेवढ्यात कळ दाबली तर थांबून तुमचं ऐकेल. 0 लिहा, थांबणार नाही, पण निघता निघता कळ दाबलेली असेल तर ऐकेल. -1 लिहा, आपणहून निघणारच नाही, तुम्ही सांगेपर्यंत बसून राहील. -2 लिहा, लगेच निघेल आणि ऐकणारही नाही.

सेकंद ऋण कसे असतील, असा प्रश्न गणिताच्या मास्तरांना पडेल. पण शून्याच्या खाली उतरलं की हा आकडा वेळ मोजत नाही, स्वभाव सांगतो. -1 म्हणजे पाहुणा बसलाय, उठतच नाही. -2 म्हणजे चप्पल घालून निघाला, मागून हाक मारली तरी वळून बघत नाही. चार मुक्कामांत चार माणसं उभी केली आहेत, आणि जागा किती घेतली, तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या ओळी. काटेकोर लिहिणाऱ्याला हे खटकेल; एकाच आकड्यावर दोन कामं लादली आहेत, हे मलाही मान्य. तरी ही नोंद मला पाठ आहे.

या 'हेल्प'च्या मजकुरांचा सूरही कान देऊन ऐकण्यासारखा. लिहिणारे जगभरचे शेकडो, पण आवाज एकच. हे हवं असेल तर 'वाय म्हणा'. खात्री नसेल तर 'एन म्हणा'. म्हणा! लिहा नव्हे, निवडा नव्हे. मूळ इंग्रजीतही 'से' असंच आहे. घरातल्या थोरल्या माणसाने नव्या सुनेला बजावावं तसं: कुणी काही मागितलं आणि तुला कळलं नाही, तर नको म्हण. लिनक्सच्या कर्नलमध्ये 'एम' असंही एक उत्तर असतं, म्हणजे आत्ता बाजूला ठेवू, लागेल तेव्हा आणू. बूटलोडरला ती चैन नाही. त्याच्याकडे 'बघू' नाही. हवं किंवा नको.

'डिपेंड्स ऑन' आणि 'सिलेक्ट' ही दोन क्रियापदं वेगळ्या स्वभावाची. पहिलं नम्र आहे: ते असेल तरच माझा प्रश्न विचारा. दुसरं दांडगट: मी आलो की तोही आलाच पाहिजे, आणि त्याच्या स्वतःच्या अटी पुऱ्या झाल्यात का हे बघत बसणार नाही. 'सिलेक्ट' जपून वापरा, असा इशारा या भाषेच्या कागदपत्रांतच आहे. मागाहून 'इम्प्लाय' आलं, तेच काम जरा मऊ हाताने करणारं. एवढं पुरे.

तीन शांतता मात्र नीट ऐकायला हव्यात. बिल्ड होताना जी पूर्ण फाइल तयार होते तिच्यात नकार स्पष्ट लिहिलेला असतो: हितं नको. दुसरी शांतता, ज्या प्रश्नाची अटच पुरी झाली नाही त्याची. नेटवर्कच नाही म्हटल्यावर नेटवर्कच्या कमांडचा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून त्याची ओळ फाइलीत नसतेच, होकाराचीही नाही आणि नकाराचीही नाही. आणि तिसरी, सगळ्यात फसवी, 'डेफकॉन्फिग'मधली. ही बोर्डाची जतन करायची छोटी फाइल. तीत फक्त वेगळेपण लिहितात; जे मूळ ठरलेल्या उत्तराशी जुळतं ते गाळतात. म्हणून डेफकॉन्फिगमध्ये 'इज नॉट सेट' दिसलं की समजावं, मूळ उत्तर 'हवं' होतं आणि इथे कुणीतरी मुद्दाम अंगठा दाबून धरलाय. नेटवर्कचं मूळ उत्तर वर्षानुवर्षं 'हवं' होतं. म्हणून नेटवर्क नसलेल्या कितीतरी बोर्डांच्या फाइलीत ही ओळ भेटायची. पुढे काही आवृत्त्यांत तिच्या जागी 'कॉन्फिग_नो_नेट इज इक्वल टू वाय' आलं. नकाराला स्वतःचं नाव मिळालं. सोयीचं आहे, पण मला जुनी ओळ जास्त आवडते.

सोलापुरी चादर उलटी करून पाहावी. वरच्या अंगाला जो रंग जमिनीत दबून राहिला, तोच खालच्या अंगाला फूल होऊन बसलेला असतो. तिथे 'नको'चा धागाही कापडातच राहतो. यू-बूटमध्ये मात्र 'नको' म्हटलेला कोड बहुतेकदा कंपाइलरच्या हाती लागतच नाही. बाहेर पडणाऱ्या बायनरीत त्याचा तंतूसुद्धा नसतो. इथे माझी उपमा तुटते, आणि तुटते तिथेच मी एकदा आपटलो होतो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी मी मागावर बसवायचा बोर्ड करत होतो. पिका, म्हणजे विणले गेलेले आडवे धागे, मोजायच्या आणि पडद्यावर दाखवायच्या. नेटवर्क नव्हतंच. फ्लॅशमध्ये यू-बूटची जागा मोजून ठेवलेली, तिला लागून त्याच्या सेटिंगची जागा. बायनरी वाढत होती, म्हणून नेटवर्क काढायला मी बिल्डची पूर्ण फाइल उघडली आणि सवयीने 'कॉन्फिग_नेट इज इक्वल टू वाय' या ओळीच्या डोक्यावर हॅश ठोकला. ओळ बंद केली, असं मला वाटलं. पण हॅशमागे 'इज नॉट सेट' असेल तरच तो नकार. नाहीतर ती खरोखरच टीप. यंत्राने टीप ओलांडली, नेटवर्कबद्दल कुणीच काही बोललेलं नाही असं धरलं आणि मूळ उत्तर लावलं. हवं.

बोर्ड छान उठला. मी सेटिंग जतन केली, वीज बंद केली, पुन्हा चालू केली. सिरियलवर एक अक्षर नाही. बायनरीची शेपूट सेटिंगच्या जागेत शिरलेली, आणि सेटिंग जतन करताना मीच ती माझ्या हाताने पुसली होती. चार बोर्ड असे गेल्यावर पाचव्याच्या आधी मी हॅशच्या आधीच्या आणि नंतरच्या बायनरीचे आकार शेजारी शेजारी ठेवून पाहिले. बाइटसुद्धा कमी झालेला नव्हता.

मग हाताने लिहिणं सोडून मेन्यू उघडला. नेटवर्कच्या ओळीवर गेलो, एन दाबलं, कंसातला तारा गेला. जतन करून फाइल पुन्हा बघितली. हॅश, एक मोकळी जागा, नाव, आणि पुढे हितं नको.