माकडाचा पंजा आणि पुरावा

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या इंग्रज लेखकाची 'द मंकीज पॉ' म्हणजे 'माकडाचा पंजा' ही भयकथा १९०२ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील अनेक शाळांत सातवी-आठवीच्या मुलांना ती आजही शिकवतात. कथा थोडक्यात अशी : हिंदुस्थानात लष्करी नोकरी करून परतलेला मॉरिस आपल्या मित्राच्या, व्हाइटच्या, घरी माकडाचा एक वाळलेला पंजा घेऊन येतो. एका फकिराने तो मंतरलेला आहे, तीन माणसांच्या तीन-तीन इच्छा तो पुऱ्या करतो, असे तो सांगतो. व्हाइट दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी त्याचा मुलगा हर्बर्ट कारखान्यात यंत्रात सापडून मरतो आणि कंपनी भरपाई देऊ करते, तीही दोनशे पौंडच. पुढे आईच्या हट्टापायी बाप मुलगा जिवंत व्हावा अशी दुसरी इच्छा करतो. रात्री दारावर थाप पडते. आई दाराच्या खिट्ट्या काढत असतानाच बाप तिसरी इच्छा करतो. दार उघडते, तर रस्ता निर्मनुष्य.

अशी कथा विज्ञानाच्या मासिकात कशासाठी? तर ती वर्गात ज्या पद्धतीने वाचली जाते, त्यासाठी. अमेरिकेतील बऱ्याच राज्यांनी २०१० नंतर स्वीकारलेल्या 'कॉमन कोअर' या अपेक्षांच्या यादीत वाचनाची पहिलीच अपेक्षा पुराव्याची आहे. सहावीच्या मुलाने आपल्या विधानाला मजकुरातला पुरावा द्यावा, सातवीत एकाहून अधिक पुरावे द्यावेत आणि आठवीत त्यांतला सर्वांत बळकट कोणता ते निवडावे. ही शेवटची पायरी मला फार मोलाची वाटते. प्रत्यक्षात मात्र या साऱ्याचा सहज तक्ता होऊन जातो : एका रकान्यात मत, दुसऱ्यात उतारा, तिसऱ्यात स्पष्टीकरण. मत आधी ठरते आणि मग त्याला जुळणारे वाक्य शोधले जाते. असे वाक्य बहुधा सापडतेच! प्रयोगशाळेतही हवे तेवढेच आकडे वेचणारे महाभाग असतात.

या कथेचे तात्पर्य विचारले की ठरलेले उत्तर येते : लोभाचे फळ वाईट. आपल्याकडची मुलेही हेच लिहितील. आता मजकूर पाहा. पंजा हाती आल्यावर काय मागावे हेच व्हाइटला सुचत नाही. हवे ते सर्व आपल्यापाशी आहे, असे तो स्वतः म्हणतो. दोनशे पौंडांची कल्पना मुलाची, तीही घराचे देणे फेडण्यापुरती आणि अर्धी थट्टेने. उलट बाजूने, मॉरिसने आगीत फेकलेला पंजा झडप घालून बाहेर काढतो तो व्हाइटच. हा लोभ म्हणायचा की कुतूहल? मुलांना इथे भांडू द्यावे. मात्र एक अट घालावी : आपल्या मताच्या विरुद्ध जाणारे निदान एक वाक्य प्रत्येकाने शोधून आणायचे. तक्त्यात नसलेला हा चौथा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

दुसरा प्रश्न : हे कोण सांगते? माणसाच्या आयुष्यावर नियतीची सत्ता असते हे दाखवण्यासाठी फकिराने पंजा मंतरला, हे आपल्याला मॉरिसकडून कळते. म्हणजे ऐकीव गोष्ट. शिवाय व्हिस्कीचा तिसरा पेला झाल्यावर मॉरिस बोलू लागतो, अशी नोंद लेखकाने केली आहे. इच्छा उच्चारताच पंजा हातात सापासारखा वळवळला, असे फक्त व्हाइट म्हणतो. इतर दोघांना काही दिसत नाही. दारावरची थाप मात्र निवेदक सांगतो, तेव्हा ती झाली हे मान्य करावे लागते. पण थाप कोणी मारली हे निवेदक कुठेच सांगत नाही. एवढा फरक सातवीच्या मुलाला कळला, तर वर्तमानपत्रातली चमत्काराची बातमीही तो निराळ्या डोळ्यांनी वाचेल.

मग हा सारा योगायोग असेल काय? ही शंका लेखकाने स्वतःच कथेत पेरली आहे. घटना इतक्या सहजपणे घडतात की हवे तर त्यांना योगायोग म्हणता येईल, असे मॉरिसने सांगितल्याचे व्हाइट मुलाला ऐकवतो. योगायोगाच्या बाजूला अडचण एकच, पण मोठी : रक्कम नेमकी दोनशेच कशी? एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, हर्बर्टने कारखान्यात ती गंमत सांगितली असेल आणि ती साहेबांच्या कानी गेली असेल. तर्क चांगला आहे, पण कथेत त्याला आधार देणारे एकही वाक्य नाही आणि खोडणारेही नाही. अशा तर्काला खोटे म्हणू नये. वहीत 'आधार नाही' असा शेरा मारून तो ठेवून द्यावा.

अर्थात कथा म्हणजे प्रयोग नव्हे. ती पुन्हा करून पाहता येत नाही, आणि कोणता पुरावा दाखवायचा, कोणता झाकायचा हे लेखकाच्या हाती असते. जेकब्जचे कसब या झाकण्यातच आहे. मुलाचा देह यंत्रात इतका छिन्न झाला होता की बापाला त्याची ओळख कपड्यांवरूनच पटली, एवढेच तो सांगतो. दाराबाहेर काय उभे असेल याचे भय वाचक त्या एका वाक्यावरून स्वतः रचतो.

कथा संपल्यावर मुलांना विचारावे, व्हाइटची तिसरी इच्छा कोणती होती? बहुतेक सारी पटकन उत्तर देतील. मग त्यांना ते वाक्य कथेत दाखवायला सांगावे. पहिल्या दोन इच्छांचे शब्द कथेत आहेत, तिसरीचे नाहीत.