लोणारचें विवर : पोथीची साक्ष व पाषाणाची साक्ष

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराच्या उत्पत्तीविषयीं दोन साक्षी पुढें केल्या जातात : एक पोथीची, दुसरी पाषाणाची. त्यांचें तारतम्य येथें पाहावयाचें आहे.

क्षेत्रमाहात्म्याची कथा सर्वश्रुत आहे. लवणासुर भूगर्भांत दडून बसला. विष्णूनें दैत्यसूदनरूपानें पायाच्या अंगठ्यानें बिळाचें झांकण उडविलें व त्याचा वध केला. यावरून प्राचीनांनीं उल्कापात प्रत्यक्ष पाहिला होता, असें अनुमान कित्येक काढितात. आम्हांस तें ग्राह्य वाटत नाहीं. विवराचें वय पूर्वीच्या मापनांत सुमारें ५०,००० वर्षें येत असे. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-पद्धतीच्या मापनानें तें पांच लाख वर्षांहून अधिक ठरतें. कोणताही आंकडा घेतला तरी तेथपासून पुराणकाळापर्यंत अखंड परंपरा कल्पिणें युक्तीस धरून नाहीं. शिवाय कथेंत आकाशांतून कांहींच पडत नाहीं. जमिनीवरील झांकण उडतें. कथेचें बीज पाण्याच्या खारटपणांत शोधावें. लोण हा लवण शब्दाचाच तद्भव होय. अबुल फजलनेंही आईन-इ-अकबरींत लोणारच्या पावित्र्याबरोबर कांच व साबण यांस लागणाऱ्या द्रव्यांची नोंद केली आहे. तात्पर्य, माहात्म्य हें भक्तीविषयीं प्रमाण आहे, उत्पत्तीविषयीं नव्हे.

उत्पत्तीस पाषाणच प्रमाण. एकोणिसाव्या शतकांत कित्येक पंडितांनीं हें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर ज्वालामुखीचें मानिलें होतें. १९७३ सालीं फ्रेड्रिक्सन व त्यांचे सहकारी यांनीं तेथील पाषाणांत मॅस्कलिनाइट असल्याचें प्रसिद्ध केलें. फेल्डस्पार खनिजाचे कण प्रचंड आघातानें कांचरूप झाले म्हणजे हा पदार्थ बनतो. तितका दाब ज्वालामुखीपासून उत्पन्न होत नाहीं. म्हणून उल्कापाताचा पक्षच आज सिद्ध मानिला जातो.

ह्या साक्षीचें जतन मात्र अपुरें आहे. २००० सालीं येथें अभयारण्य झालें व २०२० सालीं सरोवराचा समावेश रामसर यादींत झाला; परंतु संरक्षणाचा रोख मुख्यत्वें जलाशय व वन यांकडे आहे. आघातानें बाहेर फेंकलेल्या दगडमातीचा थर विवराच्या कडेपासून एक किलोमीटरहून दूर पसरलेला आहे. त्यावर शेतें, रस्ते व वस्ती झाली आहे. नांगरानें वा खोदकामानें थरांचा क्रम मोडला, कीं तो पुनः लावितां येत नाहीं.

पोथ्या संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांस याचें मर्म निराळें सांगावयास नको. मूळ पोथीचा ठाव नसलेलें सुटें पान जसें अर्थहीन, तसाच स्थानाची नोंद न करितां घरीं आणिलेला दगड. पोथीची नक्कल तरी करितां येते. ह्या थराची प्रत एकच आहे. म्हणून लोणारास जाणारांनीं दगड उचलूं नये. टिपण व छायाचित्र घ्यावें. आणि संरक्षणाची सीमा आंखणारांनीं कांठावर न थांबतां बाहेरील थराचा निदान एक अखंड भाग तरी तींत घ्यावा, एवढी आमची सूचना आहे.