‘रेडलिचिया’ आणि वऱ्हाडातील जीवाश्म-अध्यापन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
अमरावती व अकोला जिल्ह्यांतील महाविद्यालयीन वर्गांत ट्रायलोबाइट हा प्राणी बहुधा आकृतीतूनच भेटतो. शीर्ष, धड व पुच्छ या भागांना नावे द्यावयाची आणि पुढील घटकाकडे वळावयाचे, असा प्रघात पडला आहे. ‘रेडलिचिया’ ही कँब्रियन काळातील आद्य ट्रायलोबाइटांपैकी एक नामशेष प्रजाती. तिच्या आधारे या प्रघाताची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञेचा प्रश्न :
ट्रायलोबाइट हे नाव शीर्ष, धड व पुच्छ या तीन भागांवरून पडलेले नाही. पाठीवरील दोन उभ्या खाचांमुळे मधला अक्ष व त्याच्या दोन बाजू असे तीन पट्टे पडतात. नावातील ‘तीन’ हे त्यांचे आहेत. मराठीत ‘त्रिखंडी’ असा अर्थ सांगितला की विद्यार्थी साहजिकच आडवे खंड मोजू लागतो. रेडलिचियापाशी ही मोजणी अडखळते. तिचे शीर्ष मोठे व अर्धवर्तुळाकार, डोळे लांबट व चंद्रकोरीसारखे, धड अनेक वलयांचे, तर पुच्छ अगदीच लहान असते. म्हणून ‘खंड’ हा शब्द धडाच्या वलयांसाठी राखून, ‘कर्णपाली’च्या धर्तीवर ‘त्रिपाली’ हा पर्याय स्वीकारणे अधिक युक्त ठरेल.

स्थळाचा प्रश्न :
आज पाकिस्तानात असलेल्या सॉल्ट रेंज या डोंगररांगेतील जीवाश्मांचे वर्णन कार्ल रेडलिच यांनी 1899 मध्ये ‘पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका’त प्रसिद्ध केले. त्यांनी योजलेले ‘होफेरिया’ हे नाव पूर्वीच अन्य प्राण्यास दिलेले असल्याने 1902 मध्ये कॉसमन यांनी ‘रेडलिचिया’ हे नाव रूढ केले. ‘नॉटलिंगी’ हे जातिनाम फ्रिट्झ नॉटलिंग यांचे स्मरण करून देते. नावात दोन संशोधक आले. भूमी मात्र आली नाही. वस्तुतः या प्रजातीचे महत्त्व भूमीशीच निगडित आहे. ती हिमालय, चीन व ऑस्ट्रेलिया येथे आढळते. उत्तर अमेरिकेतील समकालीन खडकांत तिच्याऐवजी ‘ओलेनेलस’चा गट आढळतो. प्राचीन भूखंडांची मांडणी ताडण्यास ही विभागणी पुरावा ठरते. केवळ आकृती पाठ करणाऱ्यास हा पुरावा दिसत नाही.

वऱ्हाडचा संदर्भ :
वऱ्हाडात ट्रायलोबाइट मिळत नाहीत. येथील बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तर रेडलिचिया 51 कोटी वर्षांच्या आसपासची. पूर्णेच्या खोऱ्यातील गाळ बेसाल्टहूनही अलीकडचा. सालबर्डीजवळ ट्रॅपखालील लामेटा थर उघडे पडतात. पण तेथे डायनोसॉरचे अवशेष मिळतात, कँब्रियन समुद्रातील जीवांचे नव्हेत. ही अनुपस्थिती अध्यापनातील उणीव मानली जाते. वास्तविक खडकाचा प्रकार, त्याचे वय व निक्षेपणाचे वातावरण या तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नातून शिकविण्याची ती संधी आहे.

निष्कर्ष :
अभ्यासक्रमाला वेळ अपुरा पडतो व नमुने दुर्मिळ असतात, हा आक्षेप रास्त आहे. तथापि ‘आपल्या जिल्ह्यात ट्रायलोबाइट का नाही?’ हा प्रश्न विचारण्यास नमुना लागत नाही. आकृतीला नावे देणाऱ्या उत्तराइतकेच गुण या प्रश्नालाही मिळू लागले, तर जीवाश्मविज्ञान पाठांतराकडून अनुमानाकडे वळेल.