‘उपेक्षा’चे मराठीत काय करायचे?

गेल्या वर्षी मी एका इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद केला. बौद्ध आणि ताओ तत्त्वज्ञानाच्या आधाराने मनाचा समतोल कसा साधावा, हा त्याचा विषय. मुखपृष्ठावर गुळगुळीत दगडांची उतरंड, आत छोटी छोटी प्रकरणे, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दहा मिनिटांचा एक सराव. पुस्तक वाईट नव्हते. थकल्याभागल्या माणसाला घटकाभर बसायला सांगणारे पुस्तक वाईट कसे म्हणावे?

अडचण पहिल्याच प्रकरणात आली. तिथे ‘इक्वॅनिमिटी’ हा शब्द होता आणि त्यापुढे मूळ पाली शब्द ‘उपेक्खा’. मी फारसा विचार न करता ‘उपेक्षा’ लिहिले. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा ही चौकडी मराठीतल्या बौद्ध लेखनात रूढच आहे. पुढे नागपूरला मावशीकडे गेले असता तिथल्या एका विहारातल्या रविवारच्या वाचनवर्गात त्या प्रकरणाचा खर्डा वाचून दाखवला. वाचन संपल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका उठल्या. सगळे त्यांना बाई म्हणतात. त्या म्हणाल्या, “उपेक्षा आमच्या घरी पिढ्यानपिढ्या आहे जी. ती शिकायला विहारात कशाला यायचं?”

वर्गात हशा पिकला. मीही हसले. पण बडोद्याला परतताना रात्रभर गाडीत तेच वाक्य डोक्यात होते. चूक केवळ शब्दनिवडीची असती, तर एक शब्द खोडून दुसरा घालता आला असता. बाईंनी बोट ठेवले होते ते त्याच्या बरेच खाली.

‘उपेक्षा’ म्हणजे हेळसांड, दुर्लक्ष, हा अर्थ एकट्या मराठीचा नाही. हिंदीत, बांगलात, गुजरातीत, कन्नडातही हा शब्द याच अर्थाने चालतो, आणि संस्कृतातही तो अर्थ जुनाच आहे. म्हणजे बुद्धाच्या शिकवणीत ज्या शब्दाला सर्वांत वरची पायरी दिली आहे, तो शब्द या देशातल्या बहुतेक भाषांत तक्रारीचा शब्द आहे. शब्दाची फोड मात्र वेगळेच काही सांगते. ‘उप’ आणि ‘ईक्ष्’: जवळून पाहणे, वरून नजर ठेवणे. अपेक्षा, प्रतीक्षा, परीक्षा, निरीक्षण हे सारे याच ‘ईक्ष्’ धातूचे गोत. समीक्षाही त्यातलीच. ज्या लेखनप्रकाराला आपण समीक्षा म्हणतो, त्याची आणि उपेक्षेची आई एक आहे. पाहणे या क्रियेतून निघालेला शब्द न पाहण्यापर्यंत येऊन ठेपला.

‘समतोल’ हा शब्द या गोतातला नाही. तो ‘तुल्’ धातूचा, तराजूच्या घरचा. तोल, तुलना, संतुलन हे त्याचे भाऊबंद. मी ज्या विषयात एम.ए. केले त्या तौलनिक साहित्याचाही मूळपुरुष तोच. इंग्रजी ‘बॅलन्स’ हाही लॅटिनमधल्या दोन पारड्यांच्या तराजूवरून आलेला शब्द. माझ्या हातातल्या पुस्तकाची सारी प्रतिमासृष्टी त्या तराजूवर उभी होती: एका पारड्यात काम, दुसऱ्यात विश्रांती, एकात इतर, दुसऱ्यात आपण स्वतः. काटा मध्ये आला की शांती. प्रश्न असा की, ज्या परंपरांचे नाव हे पुस्तक घेते, त्यांच्या मुख्य ग्रंथांत हा तराजू आहे का?

अंगुत्तर निकायातली सोणाची गोष्ट घेऊ. सोण कोळिविस हा सुखात वाढलेला श्रीमंताचा मुलगा. राजगृहाजवळच्या सीतवनात तो इतका चालत राहिला की पाय फुटून वाट रक्ताने माखली. हाती काही लागेना, तेव्हा घरी परतावे असे त्याच्या मनात आले. बुद्ध त्याला विचारतात ते वीणेविषयी, कारण सोण पूर्वी वीणा वाजवीत असे. तार फार ताणली तर वीणा वाजते का? फार सैल सोडली तर? मग ते त्याला वीर्याची, म्हणजे प्रयत्नाची, समता धरायला सांगतात. इथे ‘समता’ शब्द आहे, पण तो तराजूचा नाही, सुरात लावण्याचा आहे. सगळ्या तारांना सारखाच ताण देऊन वीणा लागत नाही. कोणत्या तारेला किती, हे कानाने ठरवावे लागते, आणि एकदा लावलेली तार कायमची लागलेली राहत नाही. तराजूचा काटा स्थिर झाला की पाहणाऱ्याचे काम संपते. वीणा लावणाऱ्याचे संपत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ रचला. आपल्या गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांनी ज्याच्या संपादनासाठी परिश्रम घेतले आणि जो त्यांच्या निधनानंतर, १९५० मध्ये, हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाला, तोच हा ग्रंथ. त्यात चार ब्रह्मविहारांचा क्रम ठाम आहे: आधी मैत्री, मग करुणा, मग मुदिता आणि शेवटी उपेक्खा. पहिल्या तिन्हींत पुरेसा मुरल्याशिवाय चौथ्याला हातच घालता येत नाही, असे बुद्धघोष सांगतो. शिवाय प्रत्येक ब्रह्मविहाराचे तो दोन शत्रू सांगतो, एक दूरचा आणि एक जवळचा. उपेक्खेचे दूरचे शत्रू राग, म्हणजे आसक्ती, आणि द्वेष. ते लांबून ओळखू येतात. जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातली उपेक्खा, नुसती बेफिकिरी. ती धोक्याची, कारण ती वरून अगदी खऱ्या उपेक्खेसारखीच दिसते. दोन्हींत कोणाच्या गुणदोषांची बाजू घेतलेली नसते. बाईंनी ज्या उपेक्षेचे नाव घेतले ती हीच. बुद्धघोषाला ती ठाऊक होती.

जुना ग्रंथ मात्र इथे अगदी निर्दोष सुटत नाही, हेही म्हटले पाहिजे. उपेक्खेचा आधार म्हणून बुद्धघोष असे पाहायला सांगतो की, प्राणी आपापल्या कर्माचे धनी आहेत. साधकाच्या आसनावर बसून हे वाक्य एका प्रकारे ऐकू येते. ज्याच्या दारिद्र्याचे खापर शतकानुशतके मागच्या जन्मावर फोडले गेले, त्याला ते वेगळे ऐकू येते. डॉ. आंबेडकरांना हे पुरते कळले होते. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, निघालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दुःख समजावून सांगणे ते नाकारतात. उपेक्खा मात्र ते टाकून देत नाहीत. ती बेफिकिरीहून वेगळी आहे, एवढे सांगून ते थांबत नाहीत. फळाने विचलित न होता फळासाठी झटत राहणे, अशी तिची ओळख ते करून देतात. दोन पारड्यांतल्या समतोलाहून ही फार निराळी मागणी आहे. इथे माणूस कामातून उठत नाही.

आता ताओ परंपरेकडे. माझ्या पुस्तकात च्वांग-त्झूच्या ग्रंथातली एक गोष्ट ‘स्वीकार’ या मथळ्याखाली चार ओळींत उरकली होती: बायको वारली तरी तो भांडे बडवत गात बसला, कारण मृत्यू त्याने स्वीकारला होता. मूळ गोष्ट अठराव्या अध्यायात आहे आणि ती एवढी सरळ नाही. भेटायला आलेला मित्र हुइ-त्झू त्याला खडसावतो: तिने तुझ्याबरोबर आयुष्य काढले, मुले वाढवली, म्हातारी झाली, रडला नाहीस तेवढे पुरे होते, वर गातोस? च्वांग-त्झूचे उत्तर सुरू होते ते नकाराने. ती गेली तेव्हा मला काही वाटले नाही असे कसे होईल, असे तो आधी म्हणतो. त्यानंतर तो सांगतो की, मग मी तिच्या आरंभाकडे निरखून पाहिले. तिथे जे चिनी क्रियापद आहे त्याचा अर्थ बारकाईने पाहणे, तपासणे. म्हणजे आधी दुःख, मग पाहणे, मग गाणे. संक्षेप करणाऱ्याने पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या आणि उरलेल्या तिसरीला शांती हे नाव दिले.

दुसऱ्या अध्यायातली माकडांची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. माकडे पाळणारा म्हणतो, सकाळी तीन रानफळे आणि संध्याकाळी चार देईन. माकडे चिडतात. बरे, सकाळी चार आणि संध्याकाळी तीन. माकडे खूश. माकडे मूर्ख, असा या गोष्टीचा अर्थ पुष्कळदा केला जातो. मला त्यातला माणूस महत्त्वाचा वाटतो. तराजूच्या हिशेबाने बेरीज सातच आहे, तेव्हा त्याला हटून बसता आले असते. त्याने आपला हिशेब बाजूला ठेवला आणि समोर कोण चिडले आहे ते पाहिले. लगेच पुढे येते की, ज्ञानी माणूस ‘थ्येन-च्युन’वर विसावतो. ‘थ्येन’ म्हणजे आकाश, निसर्ग. ‘च्युन’ या अक्षराचे अर्थ दोन: कुंभाराचे चाक, आणि जुन्या चिनी मापातले तीस जिन वजन. बर्टन वॉटसन यांनी ‘समान करणारा’ या अंगाने अनुवाद केला, ए. सी. ग्रॅहम यांनी कुंभाराचे चाक पसंत केले. मला ग्रॅहम जवळचे वाटतात. चाक फिरत असतानाच त्याचा मध्य स्थिर असतो, आणि ती स्थिरता चाक थांबवून मिळत नाही. शिवाय कुंभाराचे हात कडेला मातीत असतात.

बुद्ध आणि ताओ यांना एका दमात घेणे ही काही आजच्या पुस्तकांची खोड नाही. ती अनुवादकांनीच घालून दिलेली वाट आहे. चीनमधल्या सुरुवातीच्या अनुवादकांनी निर्वाणासाठी ताओंचा ‘वू-वेइ’, म्हणजे ओढूनताणून काही न करणे, हा शब्द वापरला. बौद्ध कल्पनांना ताओ शब्दांची जोडी लावण्याच्या रीतीवर चौथ्या शतकातच दाओ-आन या भिक्षूने आक्षेप घेतला. उपेक्खेसाठी चिनीत रूढ झालेल्या अक्षराचा साधा अर्थ सोडणे, टाकून देणे. म्हणजे आपल्याकडे हा शब्द दुर्लक्षाकडे घसरला, तिकडे तो त्यागाकडे झुकला. समतोल दोन्हीकडे नाही.

मग मराठीत काय लिहायचे? ‘तटस्थता’ हा शब्द पहिला सुचतो. पण तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. कोणी बुडत असले तरी तो कोरडाच. ‘अलिप्तता’ म्हणजे स्वतःला काही लागू न देणे. तिचे लक्ष स्वतःवरच. ‘समत्व’ उच्चारताच गीता आठवते आणि वाचक दुसऱ्याच अंगणात जातो. शोधता शोधता अभिधम्मातला ‘तत्रमज्झत्तता’ हा उपेक्खेचा पर्याय समोर आला. ‘मज्झत्त’ म्हणजे मध्यस्थ. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रातही मैत्री, प्रमोद, कारुण्य यांच्यानंतर चौथ्या जागी ‘माध्यस्थ्य’ आहे. तिथे ते न ऐकणाऱ्यांपुरते आहे, पण शब्द तोच. जुन्या भाषेत मध्यस्थ म्हणजे कोणाच्याही बाजूला न झुकलेला. आजच्या मराठीत मध्यस्थ म्हणजे भांडणात मध्ये पडून दोघांचे ऐकून घेणारा. या शब्दाच्या बाबतीत काळाने आपल्यावर उपकार केले आहेत: ‘उपेक्षा’ माणसांपासून दूर गेली, ‘मध्यस्थ’ माणसांच्या जवळ आला.

पुस्तकात मी शेवटी पाली ‘उपेक्खा’ तसाच ठेवला आणि पहिल्यांदा आला तिथे ‘मध्यस्थाची नजर’ असे समजावून दिले. यात तोटाही आहे. पाली शब्द परका वाटतो, आणि मध्यस्थ म्हटले की जमिनीच्या व्यवहारातला दलालही आठवतो. मुखपृष्ठावर ‘समतोल’ राहिला. शीर्षक प्रकाशकाचे असते.

सुधारलेले प्रकरण मी बाईंना टपालाने पाठवले. पंधरा दिवसांनी ते परत आले. ‘मध्यस्था’वर त्यांनी बरे-वाईट काहीच लिहिले नव्हते. समासात पेन्सिलीने एवढेच होते: “आधी मैत्री सांगा.” मी अनुक्रमणिका पाहिली. उपेक्खा पहिल्या प्रकरणात होती, मैत्री चौदाव्या. अनुवादकाला प्रकरणांचा क्रम बदलता येत नाही. तो चुकला आहे, एवढे समीक्षेत म्हणता येते. म्हणून हा लेख.