चित्र काढायला भाडे कशाला ?

२०२२ सालच्या शेवटी जगभरच्या अनेक चित्रकारांना एक विचित्र अनुभव आला. फोटोशॉप ही आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, वापरून आपणच पूर्वी केलेली चित्रे त्यांनी उघडली, तर त्यांतले काही रंग चक्क काळे झालेले ! संगणक बिघडला नव्हता, चित्राची फाइलही शाबूत होती. छपाईच्या रंगांची प्रमाणित सूची पुरवणारी पॅन्टोन ही कंपनी आणि फोटोशॉपची मालक अ‍ॅडोबी यांच्यातला व्यवहार तेवढा बदलला होता. सूचीतले रंग परत दिसायला हवे असतील तर त्यासाठी निराळी वर्गणी भरा, असा निरोप मिळाला. स्वतः भरलेला रंग स्वतःच पाहायचा, तर त्याचे भाडे.

या प्रकाराची मुळे आणखी दहा वर्षे मागे जातात. २०१२ सालचा सीएस-६ हा संच अ‍ॅडोबीने एकरकमी विकलेला शेवटचा संच. मे २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केले की यापुढे नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. महिना भरला की काम चालू, थांबलात की बंद. २०१९च्या ऑक्टोबरात अमेरिकी सरकारच्या एका आदेशामुळे व्हेनेझुएलातली सर्व खाती बंद करण्याचे कंपनीने जाहीर केले होते. पुढे सरकारी परवानगी मिळाली आणि तो प्रसंग टळला. पण पैसे भरायची तयारी असूनही दार बंद होऊ शकते, हे त्या निमित्ताने सर्वांना दिसले.

ज्याचे पोट या कामावर चालते त्याला ही वर्गणी धंद्याच्या खर्चात बसवता येते. आपले तसे नाही. विज्ञान प्रदर्शनाचे फलक, शाळेचे वार्षिक, प्रश्नपत्रिकेतली भिंगाची आकृती, एखाद्या नातेवाइकाच्या लग्नाची पत्रिका, अशा कामांसाठी आपण वर्षातून चार-सहा वेळा आज्ञावली उघडतो. त्यासाठी बारा महिने वर्गणी कोण भरणार ? म्हणून आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय स्वस्त पर्याय कोणता, तर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली चोरीची प्रत. हे कुणी छापून लिहीत नाही, पण ज्या शिक्षकाच्या मांडीवरच्या संगणकात ती कधीच नव्हती त्याने हात वर करावा. तिच्यासोबत विषाणू येतात हा एक भाग झाला. दुसरा अधिक अडचणीचा : मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगायचे कोणत्या तोंडाने ?

आता या महागड्या आज्ञावल्या नेमके काय विकतात ते पाहू. त्यासाठी फळ्यावर एक कृती करून बघा. चार बिंदू घ्या, त्यांना क्रमाने अ, ब, क, ड म्हणा. अब, बक आणि कड या तीन रेषाखंडांचे मध्यबिंदू काढा. ते क्रमाने जोडले की दोन रेषाखंड मिळतात. त्यांचेही मध्यबिंदू काढून जोडा. एकच रेषाखंड उरेल. त्याचा मध्यबिंदू ठळक करा. हा बिंदू एका वक्रावर आहे. आता मध्याऐवजी प्रत्येक वेळी एक-चतुर्थांश अंतरावरचा बिंदू घेऊन हेच करा, मग तीन-चतुर्थांश. असे आठ-दहा बिंदू जोडले की अ पासून निघून ड ला पोहोचणारा एक डौलदार वक्र तयार होतो. ब आणि क त्याला आपल्याकडे ओढतात, पण तो सहसा त्यांच्यातून जात नाही. आठवी-नववीची मुले हे तासाभरात करतात, आणि एकदा का ब सरकवल्यावर वक्र कसा झुकतो ते पाहिले की वही सोडत नाहीत.

ही रीत पॉल द कास्तेलझो याने सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीत १९५९ साली शोधली. कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनॉ या दुसऱ्या मोटार कंपनीतल्या प्येर बेझिए याने स्वतंत्रपणे तेथेच पोहोचून साठच्या दशकात आपले काम प्रसिद्ध केले, म्हणून वक्राला नाव बेझिएचे पडले. इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ आणि फुकट मिळणारी इंकस्केप, या साऱ्यांच्या पोटात हाच वक्र आहे. चार बिंदू, म्हणजे आठ आकडे. असे चार वक्र जोडून वर्तुळ केले तर ते खऱ्या वर्तुळापासून त्रिज्येच्या सुमारे ०.०२७ टक्के इतकेच ढळते. दहा सेंटिमीटर त्रिज्येला हा फरक केसाच्या जाडीहूनही कमी. तात्पर्य, हजारो रुपये मोजल्याने रेषा अधिक गुळगुळीत होत नाही. पैसे जातात ते सोयीला, वेगाला आणि मुद्रकाला सवय असलेल्या फाइलला. या गोष्टी खोट्या नाहीत, पण हौशी माणसाला त्या किती लागतात हे त्याने स्वतः ठरवावे.

इंकस्केपचे परीक्षण करताना पहिला गुण सांगावासा वाटतो तो तिच्या फाइलचा. २००३ साली सोडिपोडी या आज्ञावलीपासून फुटून ती निघाली. चित्रे ती एसव्हीजी या पद्धतीने साठवते, आणि ही पद्धत कुणा एका कंपनीची नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००१ साली मान्य केलेला तो खुला मानदंड आहे. इंकस्केपमध्ये एक वर्तुळ काढा, फाइल साठवा आणि साध्या नोटपॅडमध्ये उघडा. बाकीच्या मजकुरात 'सर्कल' हा इंग्रजी शब्द सापडेल, पुढे केंद्राचे दोन सहनिर्देशक आणि त्रिज्या. त्रिज्येचा आकडा हाताने बदला, चित्रातले वर्तुळ बदलते. भूमितीच्या तासाला याहून चांगले साधन कुठे शोधायचे ? एक सांभाळा : येथे आरंभबिंदू डावीकडे वरच्या कोपऱ्यात असतो आणि य-अक्ष खाली वाढतो. मुले गोंधळतात, आणि त्या गोंधळातून अक्षांची दिशा हा निव्वळ संकेत असतो हे त्यांना आपोआप कळते.

शाईने काढलेली आकृती स्कॅन करून तिच्या कडांवरून वक्र तयार करण्याची सोयही उत्तम आहे. ज्यांचा हात कागदावरच चालतो अशा चित्रकला शिक्षकांनी तेवढ्यासाठी तरी ती वापरावी. दोष ? आहेत. पहिली 'पूर्ण' आवृत्ती यायला २०२० साल उजाडले. एका फाइलमध्ये अनेक पाने ठेवण्याची सोय २०२२ पर्यंत नव्हती. धूसर छाया भरपूर वापरल्या की जुना संगणक धापा टाकू लागतो. आणि तिचे रंग पडद्याचे, म्हणजे लाल-हिरवा-निळा प्रकाश मिळून होणारे. छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई प्रकाश शोषून रंग दाखवते. त्यामुळे पडद्यावर झळाळणारा निळा कागदावर मलूल उतरतो, आणि दोष छापखान्यावर येतो.

आपल्या दृष्टीने मात्र खरी कसोटी निराळी आहे, आणि इंग्रजी परीक्षणांत तिचा उल्लेखही नसतो. ती म्हणजे देवनागरी. 'लिहिली' या शब्दातली पहिली वेलांटी संगणकाच्या स्मृतीत ल च्या नंतर असते, पण दिसायला हवी ल च्या आधी. 'दऱ्या' मधला अर्धा र निराळा, 'सूर्य' मधला रफार निराळा. ही जुळवाजुळव आज्ञावलीला करावी लागते. म्हणून प्रत्येक नवी आज्ञावली घेतली की तिच्यात एकच वाक्य टंकित करावे : 'दऱ्याखोऱ्यांतील विद्यार्थ्यांनी शक्तीची व्याख्या लिहिली.' या वाक्यात जवळपास सगळे खाचखळगे आहेत. इंकस्केप उत्तीर्ण होते, गिंपही होते, कारण दोन्हींत अक्षरजुळणीचे काम जगातल्या अनेक लिप्या जाणणारी एकच सामायिक यंत्रणा करते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले मुक्त आणि बलू हे फाँट खुल्या परवान्यावर मिळतात, ते त्यांत छान बसतात.

गिंप ही छायाचित्रांसाठी. स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ती सुरू केली. तिच्याबद्दल आमचे मत फारसे मवाळ नाही. फोटो कापणे, उजळणे, डाग काढणे हे सारे ती करते. पण साधे वर्तुळ काढायचे तर आधी लंबवर्तुळाकार भाग निवडा, मग त्याच्या कडेवरून रेषा फिरवा, असा द्राविडी प्राणायाम ३.० या आवृत्तीतही आहे. एकदा दिलेला परिणाम मागाहून बदलण्याची सोय मार्च २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीपर्यंत नव्हती. त्याआधीची मोठी आवृत्ती २०१८ सालची. वर्गणीवाल्यांना ही सोय कित्येक वर्षे होती. फुकट आहे म्हणून हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रंगवायचेच असेल तर क्रिता घ्यावी. कुंचल्याच्या बाबतीत ती खरोखर सरस आहे.

वार्षिकाची पाने जुळवायला स्क्रायबस. तिची जुनी १.४ मालिका आमच्या वाक्यात सपशेल नापास होत असे, वेलांट्या भलतीकडे आणि जोडाक्षरे पायमोडकी. तेव्हा कंटाळून जिने तिचा नाद सोडला त्या प्रत्येकीने १.६ पाहावी, जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीत देवनागरी नीट बसते. छपाईचे चार शाईंचे रंग ती मुळापासून जाणते, म्हणून इंकस्केपमधली आकृती तिच्यात आणून तेथून पीडीएफ काढली की रंगाचा वरचा प्रश्न बराचसा सुटतो (धूसर छाया मात्र वाटेत हरवू शकतात). तक्ते करताना ती जीव खाते. तरी हे काम खेळण्यातले नाही : केरळातल्या जनयुगम या मल्याळम दैनिकाने २०१९ साली आपली पानजुळणी पेजमेकरवरून स्क्रायबसवर आणली. मल्याळम लिपीची जोडाक्षरे आपल्याहून सोपी नाहीत. त्याच राज्यातल्या शाळांच्या संगणक-पाठ्यपुस्तकांत इंकस्केप आणि गिंप शिकवतात. आपल्याकडची अडचण जुन्या फाइलींची आहे. पेजमेकरमध्ये जुन्या फाँटांत केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच, इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा असतो. फाँट गेला की मजकूर गेला. असे जुने अंक कपाटात असतील तर ते युनिकोडमध्ये बदलून घेण्याचे काम चालू दशकातच उरकावे.

मुद्रक तुमच्याकडे कोरलड्रॉची फाइल मागेल. वाद घालू नका. अक्षरांचे वक्रांत रूपांतर करून पीडीएफ द्या, ती त्याच्याकडे उघडते. रूपांतरापूर्वीची प्रत मात्र आपल्याजवळ ठेवा, कारण वक्र झालेल्या अक्षरात शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करता येत नाही.

राहता राहिल्या मोफत पण मुक्त नसलेल्या दोघी. कॅनव्हा शिक्षकांना सवलतीत फुकट मिळते आणि घाईच्या फलकाला बरी आहे, पण मूळ रचना तिच्या संकेतस्थळावरच राहते. अफिनिटीची कथा अधिक बोलकी. इंग्लंडमधल्या सेरिफ कंपनीने २०१४ साली ती सुमारे ५० डॉलर एकदाच घेऊन, वर्गणी नाही या बोलीवर विकायला काढली. हौशी मंडळींनी तिला डोक्यावर घेतले, आणि ते योग्यच होते. कामाला ती चपळ आहे. मार्च २०२४ मध्ये कॅनव्हाने सेरिफ विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून अफिनिटी फुकट झाली, मात्र त्यासाठी कॅनव्हाचे खाते उघडावे लागते. तिची फाइल तिलाच वाचता येते. शिवाय दुसऱ्या आवृत्तीपर्यंत आमच्या दऱ्याखोऱ्यांच्या वाक्यात ती नापास होत आली आहे. नवी प्रत उतरवलीत तर आधी तेवढे वाक्य टंकित करून पाहा, आणि छायाचित्रांपुरती तिला खुशाल ठेवा. पण पाचवीपासून दहावीपर्यंत दरवर्षी लागणारी हृदयाची, डोळ्याची, विद्युतमंडलाची आकृती एसव्हीजीतच असू द्या.